नोकरी सांभाळून एच.आर.ची पदवी : मुकादमापासून इग्नूपर्यंत



आजचा विषय पहिल्यांदा ऐकला तर इतिहासाचा वाटणार नाही. करिअर मार्गदर्शनाचा वाटेल. नोकरी चालू ठेवून, अर्धवेळ, मनुष्यबळ व्यवस्थापनाची म्हणजे एच.आर.ची एमबीए करावी का, आणि करायची तर कुठली? २००३ साली हा प्रश्न झाशीत माझ्यासमोर होता. तो सोडवताना मला जो इतिहास वाचावा लागला, तो आज सांगणार आहे. तारखा बऱ्याच येतील, पण पाठ करायच्या नाहीत. कुठल्या गोष्टीच्या पोटातून कुठली गोष्ट आली, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

आधी झाशीबद्दल दोन शब्द, कारण महाराष्ट्रात झाशी म्हटलं की १८५७ च्या पुढे कुणी येत नाही. १७४२ साली नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले, पुढे नेवाळकर आले, आणि त्यांच्याबरोबर कारकून, भटजी, शिपाई, हलवाई अशी सगळी मराठी वस्ती आली. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले, हे 'माझा प्रवास' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणजे आमच्याकडची मराठी माणसं पहिल्यापासून पोटापाण्यासाठीच आलेली.

मराठी माणसांची दुसरी लाट रेल्वेची. झाशीचा रेल्वे कारखाना १८९५ चा. आधी इंडियन मिडलँड रेल्वे, मग जी.आय.पी., आणि १९५१ पासून मध्य रेल्वे. मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईत, बोरीबंदरला. त्यामुळे झाशी विभागातल्या माणसाची बढती, बदली, दंड, सगळं मुंबईहून यायचं. भुसावळचा माणूस झाशीत आणि झाशीचा माणूस कल्याणला, हे नेहमीचंच. माझे बाबा कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. घरात आम्ही बोलायचो ती मराठी निम्मी बुंदेली होती, ते सोडून द्या. पण पंजाब मेल सुटली की 'आपली गाडी मुंबईला चालली' असं आई म्हणायची, तिचं माहेर तिकडचं नसतानाही.

१ एप्रिल २००३ ला झाशी विभाग मध्य रेल्वेतून निघाला आणि अलाहाबादच्या उत्तर मध्य रेल्वेत गेला. त्याच वर्षी माझा प्रश्न उभा राहिला. मी एका खासगी कारखान्यात पगारपत्रक करायची. हजेरीपट, ओव्हरटाइम, रजेचा हिशेब, पी.एफ.चे फॉर्म. आमचे पर्सोनेल ऑफिसर निवृत्त होणार होते आणि मालकांनी सांगून टाकलं, ही जागा पदवीवाल्याला जाईल. मी बी.कॉम. होते, वय अठ्ठावीस. काम सगळं येत होतं, कागद नव्हता.

माणसं सांभाळायच्या कामाला पदवी लागते, हे ठरवलं कोणी आणि कधी? मी तिथूनच सुरुवात केली.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये पहिली साठ-सत्तर वर्षं हे काम जॉबर करायचा. मुकादम म्हणा. बायकांच्या खात्यात नायकीण. जॉबर गावाकडून माणसं आणायचा, साच्यावर लावायचा, काम शिकवायचा, गैरहजेरी मांडायचा, नडीला पैसे द्यायचा आणि नोकरी लावून दिल्याबद्दल दस्तुरीही घ्यायचा. भरती, प्रशिक्षण, शिस्त, कर्ज, राहायच्या खोलीची सोय: आज ज्याला एच.आर.चं एक अख्खं खातं लागतं ते सगळं एका माणसात होतं. त्याला वाईट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण गिरणीच्या गोऱ्या किंवा पारशी मॅनेजरला कामगाराचं नावसुद्धा माहीत नसायचं, आणि जॉबरला त्याच्या घरातलं बाळंतपण माहीत असायचं. याच माहितीच्या जोरावर तो मदत करायचा आणि नाडायचाही.

नारायण मेघाजी लोखंडे याच जगातले. गिरणीत स्टोअरकीपर होते. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रजेचा हिशेब करताना रविवारचा रकाना लाल असतो ना, त्यामागे हा माणूस आहे. व्यवस्थापनाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, तशी पदवी तेव्हा या देशात कुणी देतच नव्हतं.

मग येतात १९२० नंतरचे संप. १९२८ चा मुंबईचा मोठा संप तुम्हाला माहीत असेल. झाशीही यापासून लांब नव्हती. मार्च १९२९ मध्ये सरकारने देशभरातून कामगार पुढारी उचलले आणि मीरत कटाचा खटला भरला. आरोपींच्या यादीत मुंबईचे डांगे, मिरजकर, जोगळेकर, आळवे, कासले ही नावं आपल्याला दिसतात. त्याच यादीत झाशीचे लक्ष्मणराव कदम आहेत. महाराष्ट्रात हे नाव फारसं कुणी घेत नाही. झाशीतही आता घेत नाहीत.

त्याच वर्षी, १९२९ मध्ये, व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमलं गेलं आणि १९३१ मध्ये त्याचा अहवाल आला. कमिशनने सांगितलं की जॉबरच्या हातून भरती काढा आणि कारखान्यात लेबर ऑफिसर नेमा, जो थेट वरिष्ठांना जबाबदार असेल आणि कामगाराला विश्वास वाटेल असा असेल. माझ्या मते एच.आर.चा भारतातला जन्म इथे आहे. आणि जन्मापासूनच त्याच्या कपाळावर एक पेच लिहिलेला आहे. पगार मालकाचा घ्यायचा आणि विश्वास कामगाराचा मिळवायचा.

हा माणूस घडवायचा कुठे? १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. क्लिफर्ड मॅनशार्ड हे त्याचे पहिले संचालक. आजची टी.आय.एस.एस. ती हीच. म्हणजे कामगारांशी बोलणारा अधिकारी समाजकार्याच्या शाळेत घडेल, व्यापाराच्या नव्हे, अशी पहिली कल्पना होती. १९४७ मध्ये मुंबई सरकारने स्वतःची लेबर इन्स्टिट्यूट काढली. परळची ती संस्था आज लोखंड्यांच्याच नावाने चालते. १९४९ मध्ये जमशेदपूरला एक्स.एल.आर.आय. निघालं. आणि या सगळ्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं ते १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने. त्याचं कलम ४९ सांगत होतं की ५०० किंवा अधिक कामगार असतील तर कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याची कामं, पात्रता, नोकरीच्या अटी राज्य सरकारं ठरवतील. कायद्याने जागा तयार केली, जागेने पात्रता मागितली, पात्रतेने अभ्यासक्रम उभे केले. अनेकांना वाटतं की अमेरिकेतून एमबीए आली आणि तिच्या मागून एच.आर. आलं. आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने घडली.

या कल्याण अधिकाऱ्याच्या नियमांमधल्या दोन अटी मी तेव्हा वहीत उतरवून घेतल्या होत्या. पहिली, कारखान्यातले बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती त्याला पुरेशी आली पाहिजे. दुसरी, कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात त्याने हात घालायचा नाही, आणि व्यवस्थापनाच्या बाजूने कामगाराविरुद्ध कोर्टात उभं राहायचं नाही. पर्सोनेल मॅनेजरला मात्र नेमकं हेच करावं लागतं. बऱ्याच कारखान्यांत दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात, हे या क्षेत्रातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

नावंही बदलत गेली. १९७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोने अहमदाबादच्या आय.आय.एम.मधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंटची रचना उभी केली, आणि दहा-पंधरा वर्षांत पर्सोनेलच्या पाट्या जाऊन एच.आर.च्या पाट्या आल्या. हा शब्द इतका फॅशनमध्ये आला की सप्टेंबर १९८५ मध्ये दिल्लीतलं शिक्षण मंत्रालयसुद्धा मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं. २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झालं. मला विचाराल तर 'लेबर ऑफिसर' हे नाव जास्त प्रामाणिक होतं, त्यात समोर माणूस आहे हे तरी कळायचं.

आता अर्धवेळ शिकण्याकडे येऊ. दिवसा काम आणि रात्री शाळा ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना सोयीचे व्हावेत म्हणून वर्ग सकाळी ठेवले. व्यवस्थापनशिक्षणात हीच वाट पुढे गेली. १९६५ मध्ये चर्चगेटला जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि संध्याकाळचे अभ्यासक्रम नोकरदारांच्या आवाक्यात आले. पुण्यात कामगार कायदे आणि कामगार कल्याणाची पदविका, जिला सगळे डी.एल.एल. अँड एल.डब्ल्यू. म्हणतात, ती कारखान्यांतल्या कितीतरी लोकांनी ड्यूटी सांभाळून केली.

पण ही सगळी रचना लोकलच्या टाइमटेबलवर उभी होती. सहाला ऑफिस सुटतं, साडेसहाला वर्गात पोचता येतं, रात्री परत घरी. मुंबई झाशीपासून अकराशे किलोमीटरवर आणि दिल्ली चारशेवर. आमच्या गावात सहाला सुटणाऱ्या माणसाने जायचं कुठे? बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ पासून होतं. माझ्या शिफ्टच्या वेळात बसेल असा एच.आर.चा वर्ग मला सापडला नाही.

घरात सल्ले सुरू झाले. पुण्याच्या मावशीचं म्हणणं होतं, नोकरी सोड, माझ्याकडे राहा, दोन वर्षं पूर्णवेळ कर. पुण्यात सिम्बायोसिसची मनुष्यबळाची वेगळी संस्था १९९३ पासून होती, मावशीला तिचं नाव तोंडपाठ. मावशीचं चुकीचं नव्हतं. पण बाबा निवृत्त झाले होते, धाकटा भाऊ शिकत होता, आणि माझा पगार घरात लागत होता. दुसरा सल्ला शेजाऱ्यांचा. बाजारात एका दुकानाच्या माडीवर दूरच्या कुठल्याशा विद्यापीठाचं 'अभ्यासकेंद्र' होतं. एक वर्षात एमबीए, परीक्षा तिथेच, नापास होण्याची भीती नाही. पावतीपुस्तक तयार होतं. मी फक्त एक विचारलं, तुमच्या विद्यापीठाला झाशीत केंद्र चालवायची परवानगी कुणी दिली, त्याचा कागद दाखवता का? त्या गृहस्थांनी मला चहा पाजला. कागद दाखवला नाही.

ही सावधगिरी किती महत्त्वाची होती हे पुढे सगळ्या देशाने पाहिलं. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना परत परीक्षा द्यायला लागली. त्यानंतरच्या पदव्या रद्दच झाल्या. नोकरीत लागलेली, बढत्या मिळालेली माणसं एका दिवसात मागे फेकली गेली. निकाल इंजिनिअरिंगपुरता होता, पण दुकान तेच होतं.

तिसरा मार्ग इग्नूचा. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राने शिक्षण सुरू केलं होतं, पण देशभरासाठी मुक्त विद्यापीठ झालं ते संसदेच्या १९८५ च्या कायद्याने. आणि १९८७ मध्ये इग्नूने जे पहिले दोन अभ्यासक्रम काढले त्यांतला एक व्यवस्थापनाची पदविका होता. विद्यार्थी होते ४,५२८, दोन्ही अभ्यासक्रमांचे मिळून. पहिल्याच वर्षी व्यवस्थापन घ्यावं असं का वाटलं असेल? मला वाटतं, त्यांना गिऱ्हाईक दिसत होतं: लहान गावातला, पगारावरचा, पदवी असलेला आणि पुढची पायरी अडलेला माणूस. म्हणजे मीच.

तेव्हा प्रवेशासाठी ओपनमॅट नावाची परीक्षा होती आणि पदवीबरोबर कामाचा अनुभव मागायचे. हे मला आवडलं. बाकी सगळीकडे नोकरी ही अडचण होती, इथे ती पात्रता होती. एकवीस विषय, हवे तेवढे सवडीने घ्या, आठ वर्षांपर्यंत मुदत. जून आणि डिसेंबरला परीक्षा, तीस टक्के गुण स्वाध्यायांना. एका क्रेडिटला तीस तास अभ्यास धरलेला, चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे एकशे वीस तास. मी हिशेब घातला. रोज दीड तास काढला तर सहा महिन्यांत दोन विषय होतात. कारखान्यात ओव्हरटाइमचा हिशेब करणाऱ्या बाईला हे गणित घालायला वेळ लागला नाही, पाळायला लागला. एकूण साडेचार वर्षं गेली.

आणि ती जागा? ती पहिल्याच वर्षी भरली गेली. बाहेरून दोन वर्षांची पूर्णवेळ पदवी घेतलेला मुलगा आला. चांगला होता. म्हणून मी अर्धवेळ पदवी निवडणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगते. डोळ्यांसमोर एक ठरावीक जागा धरून ही पदवी घेऊ नका, जागा थांबत नाही.

तरीही पूर्णवेळ वर्गात जे मिळालं नसतं असं मला काय मिळालं, ते सांगते. एम.एस. २८ हा कामगार कायद्यांचा विषय. रात्री मी त्यात १९३६ चा वेतन प्रदान कायदा वाचत होते. हजारपेक्षा कमी कामगार असतील तर पगार सात तारखेच्या आत, हे मी रोज पाळत होते. तो कायदा व्हिटली कमिशनच्या अहवालातून निघाला हे तेव्हा कळलं. गिरण्यांत दंड मनाला येईल तसा कापत, म्हणून कायद्याने मर्यादा घातली. पगाराच्या तीन टक्क्यांहून जास्त दंड नाही. तीनच का? मूळ कायद्यात होतं रुपयामागे अर्धा आणा. सोळा आण्यांचा रुपया, त्यात अर्धा आणा म्हणजे बत्तिसावा भाग, तीन टक्क्यांच्या किंचित वर. दशमान नाणी आली आणि अर्ध्या आण्याचे तीन पैसे झाले, पुढे तीन टक्के. आमच्या पगारपत्रकातल्या एका रकान्यात जुना अर्धा आणा अजून बसलेला होता.

त्याच कलमात पुढे असं आहे की दंडाचा पैसा मालकाचा नाही. त्याची वेगळी नोंद ठेवायची आणि तो कामगारांच्या हिताच्या कामासाठीच वापरायचा. दुसऱ्या दिवशी मी आमचं दंडाचं रजिस्टर काढलं. दंड कापलेले होते, पैसा किरकोळ जमेत जात होता, कित्येक वर्षं. मी कलमाचा आकडा लिहून एक टिपण वर पाठवलं. अकाउंट्सवाले साहेब म्हणाले, "बिटिया, परीक्षा पास होने के लिए पढ़ रही हो या हमें फेल करने के लिए?" पण नवीन पर्सोनेल ऑफिसरने टिपणावर सही केली. त्याने ते पुस्तकात वाचलेलं होतं, फक्त आमचं रजिस्टर त्याने पाहिलेलं नव्हतं. मी रजिस्टर सात वर्षं पाहत होते, पुस्तक वाचलेलं नव्हतं. तीन महिन्यांनी दंडाचं वेगळं खातं झालं आणि त्यातून शेडमध्ये थंड पाण्याचं मशीन आलं. झाशीच्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, त्यामुळे त्याचं महत्त्व मी सांगायला नको.

म्हणून आज कुणी मला विचारलं की अर्धवेळ एच.आर. कुठून करू, तर मी आधी उलट विचारते. तुझ्या रोजच्या कामात कुठलं रजिस्टर येतं? हजेरीचं, पगाराचं, अपघाताचं, कंत्राटी मजुरांचं? ज्या अभ्यासक्रमात त्या रजिस्टरमागचा कायदा आणि इतिहास शिकवतात तो घे. नुसतं नेतृत्व आणि प्रेरणा शिकवणारा घेऊ नको, प्रेरणेचं रजिस्टर कुठल्याच कारखान्यात नसतं. पदवीला मान्यता आहे का हे स्वतः तपास. मुक्त आणि ऑनलाइन पद्धतीच्या मान्यताप्राप्त पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या धराव्यात असं यू.जी.सी.ने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यातला 'मान्यताप्राप्त' हा शब्द जाहिरातवाले बारीक अक्षरात छापतात. आणि कल्याण अधिकारीच व्हायचं असेल तर एमबीए हाती आली म्हणजे झालं असं समजू नको. त्या जागेसाठी कुठली पदवी चालते हे तुझ्या राज्याचे नियम सांगतात. झाशीला उत्तर प्रदेशचे नियम, आणि झाशीच्या तिन्ही बाजूंना मध्य प्रदेश आहे. दहा-वीस किलोमीटरवर नोकरी बदलली तरी नियमांचं पुस्तक बदलतं.

१९४८ च्या कायद्यातला ५०० चा आकडा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत २५० वर आला आहे. म्हणजे ज्या मधल्या आकाराच्या कारखान्यांना आजवर कल्याण अधिकारी ठेवायची गरज नव्हती, त्यांना आता तो लागेल. झाशीत भेलसारखा १९७४ चा मोठा कारखाना एखादाच, पण त्याच्या आजूबाजूला आणि ग्वाल्हेर-ललितपूरच्या रस्त्यांवर लहान-मध्यम कारखाने बरेच. त्यांतल्या पगारपत्रकाच्या टेबलांवर आज जी मुलं-मुली बसली आहेत, त्यांना कामगारांची भाषा येते. नियमातली ती पहिली अट त्यांनी जन्मतःच पुरी केलेली आहे.